राणीची बाग कुणाच्या बापाची?

राणीची बाग वाचवा म्हटलं की आपली पोरं हसतात.

पेणला आपल्या पोरांची बैठक होती. विषयपत्रिकेवर नसलेला विषय मी काढला. म्हटलं, मुंबईत इंग्रजी अमदानीतल्या जुन्या बागा आहेत, त्या वाचवायला माणसं धडपडताहेत, लोकांची साथ मागताहेत, आपण त्यात उतरायचं की नाही? एक पोरगा ताडकन उठला. म्हणाला, "भाऊ, आमच्या खारेपाटात उन्हाळा लागला की बाया हंडे घेऊन टँकरच्या मागं धावतात. हेटवण्याचं धरण आमच्या तालुक्यात आणि पाणी जातं नव्या मुंबईला. आणि तुम्ही सांगताय राणीच्या झाडांना पाणी घाला? राणी आमची कोण लागते?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवली. पोरगा खरं बोलला होता. पण अर्धं खरं बोलला होता. उरलेलं अर्धं त्याला तिथल्या तिथं सांगता आलं नाही, कारण सभेत टाळी मिळाल्यावर कुणी ऐकून घेत नाही. ते रोह्याला परतताना गाडीत जमवलं, ते इथं लिहितो.

आधी त्याचं अर्धं मान्य करू. राणी आपली कुणी लागत नाही. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ चालू होता आणि माणसं रस्त्याच्या कडेला मरून पडत होती. १८८८ साली राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात होता, त्याला मेजवानी होती. जोतीराव फुले तिथं शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि भर मेजवानीत त्याला सांगून आले की इथं दागिन्यांनी मढून बसलेत त्यांना बघून राणीची प्रजा सुखी आहे असं समजू नका, खरी प्रजा माझ्यासारखी आहे, अर्धनागडी. राणीच्या घराण्याशी बोलायची आपली रीत ती. त्या रीतीत फरक करा असं मी सांगत नाही.

आता बागेचं जन्मटिपण बघा. पश्चिम हिंदुस्थानातल्या शेती-बागायतीसाठी गोऱ्यांनी काढलेल्या सोसायटीची जुनी बाग शिवडीला होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीला गेली. मग माझगावच्या माउंट इस्टेटवर नवी बाग आखली. १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या बायकोनं तिचं उद्घाटन केलं आणि नाव पडलं व्हिक्टोरिया गार्डन्स. दिवस कापसाच्या तेजीचे होते. अमेरिकेत यादवी पेटली होती, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इथला कापूस सोन्याच्या भावानं गेला. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात सोनं आलं नाही, मधल्या व्यापाऱ्यांच्या घरात आलं. जॉर्ज बर्डवूड, डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट यांनी संग्रहालयासाठी वर्गण्या गोळा केल्या. डेव्हिड ससूनच्या नावाचा घड्याळाचा मनोरा उभा राहिला. संग्रहालय १८७२ ला उघडलं. १८७३ मध्ये सोसायटी गुंडाळली गेली आणि बाग म्युनिसिपालिटीकडे आली.

आजच्या भाषेत ह्याला 'लोकसहभागातून उभी राहिलेली बाग' म्हणतील. लोक म्हणजे कोण? ज्यांची नावं दगडावर कोरली ते. खड्डे कुणी खणले, मुरूम कुणी उपसला, पखालीनं पाणी कुणी घातलं, पालापाचोळा दीडशे वर्षं कुणी झाडला, हे कुठल्याही पाटीवर मी वाचलेलं नाही.

आपल्या जिल्ह्याचा एक जण मात्र तिथं उभा आहे. तोही दगडाचा. घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी त्याला बघूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ च्या सुमारास इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो खाली कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून टाकले, १९१४ साली जोडले आणि हत्ती बागेत उभा केला. पुढं १९६५ साली फोर्टातला सातव्या एडवर्डचा काळा घोडाही उचलून तिथंच आणला. साम्राज्याची सगळी अडगळ एका ठिकाणी. आणि ज्या घारापुरीतून हत्ती गेला तिथल्या गावकऱ्यांच्या घरात समुद्राखालून टाकलेल्या केबलची वीज कधी आली? फेब्रुवारी २०१८ मध्ये. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशी म्हण आहे. इथं हत्ती सांभाळला गेला आणि माणसं शेपटासारखी मागं राहिली. वारसा, वारसा म्हणून गळा काढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

तर पोराचं अर्धं झालं. आता माझं अर्धं. एवढं सगळं माहीत असूनही मी बाग वाचवा का म्हणतो? एक माझ्या चुलत्यामुळं. दुसरं बाबासाहेबांमुळं.

माझा चुलता रोह्याकडचा. धरमतरहून लाँचनं भाऊच्या धक्क्यावर उतरला आणि चालत भायखळ्याला गेला. गिरणीला लागला. साळखात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि आपल्या तोंडानं त्यांचा धागा बाटे. म्हणून कमी पगाराचं खातं. राहायला गावकीची खोली. एका खोलीत पंधरा-वीस गडी, भिंतीला वळकट्या, खुंटीला डबे. दिवसपाळीवाले रात्री झोपायचे, रातपाळीवाले दिवसा. पण दिवसा त्या खोलीत स्वयंपाक, धूर, पत्रं लिहून घेणारे, भांडणं. रातपाळी करून आलेला माणूस झोपणार कुठं? चुलता राणीच्या बागेत जायचा. एका जुन्या झाडाखाली उशाला चप्पल घ्यायची, तोंडावर रुमाल टाकायचा, की झोप. बाग बुधवारी बंद. तो सांगायचा, "बुधवारी माझे डोळे लाल असायचे. मुकादम विचारायचा, प्यायलास का रे? मी सांगायचो, आज बुधवार आहे."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. तो संप मिटलाच नाही. चुलता सकाळी डबा घेऊन खोलीतून निघायचा, डब्यात काही नसायचं, आणि दिवसभर बागेत बसून राहायचा. खोलीत बसला तर इतरांना कळेल की ह्याला कुठंच जायचं नाही. बागेत कुणी विचारत नव्हतं की तू इथं का बसलायस. एवढ्या मोठ्या मुंबईत काही विकत न घेता, कुणाचं काही न लागता, माणसाला माणूस म्हणून बसू देणारी त्याच्यासाठी तेवढीच जागा होती. तो हत्ती बघायला जात नव्हता. राणीला मुजरा करायला तर नाहीच नाही.

आता बाबासाहेब. परळच्या डबक चाळीत एक खोली, त्यात सगळं घर. तिथंच चूल, तिथंच जातं, तिथंच अभ्यास. रामजी सुभेदार पोराला रात्री दोनला उठवायचे, कारण तेव्हाच घर शांत असायचं. हे आपल्याला पाठ आहे. पण शाळा सुटल्यावर भीमराव कुठं जायचे? चर्नी रोडच्या बागेत. वाचत बसायला. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर फिरायला येत. रोज एकटा वाचत बसलेला पोरगा त्यांना दिसला. त्यांनी चौकशी केली, कोण, कुठला. पुढं १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, सत्काराची सभा झाली, केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात दिलं. बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकला तोही केळुसकरांनीच. त्या सभेचे अध्यक्ष कोण होते? सीताराम केशव बोले. हेच ते रावबहादूर बोले, ज्यांनी १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणला. त्या ठरावाच्या जोरावर महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं कागदावर खुलं केलं आणि तो कागद खरा करायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले.

बागेमुळं क्रांती झाली असलं काही मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की त्या बागेच्या दारावर पन्नास रुपयांचं तिकीट असतं तर सुभेदाराच्या पोराला रोज आत जाता आलं नसतं. मग केळुसकरांना तो दिसला नसता.

दुसरी बाग बडोद्याची. सयाजीरावांनी १८७९ मध्ये केलेली कामाठी बाग. १९१७ साली विलायतेहून शिकून आलेल्या बाबासाहेबांना पारशाच्या सरायीतून लाठ्या दाखवून बाहेर काढलं. हिंदू मित्रानं घरात घेतलं नाही, ख्रिस्ती मित्रानं बायकोवर ढकललं. मुंबईची गाडी रात्रीची. मधले पाच तास कुठं काढायचे? कामाठी बागेत. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आईबापांची आठवण काढत बसले होते म्हणतात. सराई नाही, घर नाही, नोकरी असून बसायला जागा नाही, त्या दिवशी त्या शहरात त्यांना उठ म्हणाली नाही ती एक सार्वजनिक बाग.

दोस्तांनो, आपल्या इतिहासात विहीर आहे, तळं आहे, देऊळ आहे, वेस आहे. बागसुद्धा आहे, आपण तिच्याकडे बघितलं नाही. बोल्यांच्या ठरावात पाणवठे होते, विहिरी होत्या, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने होते. बागेचा शब्द नव्हता. घटनेत मात्र बाबासाहेबांनी भोक ठेवलं नाही. कलम १५ काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा, सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा जनतेसाठी ठेवलेल्या, कुणालाही जातीवरून, धर्मावरून बंद करता येणार नाहीत. राबत्याची जागा म्हणजे चार माणसं येतात-जातात ती जागा. बाग त्यात आली. म्हणजे राणीची बाग १८७३ ला म्युनिसिपालिटीची झाली आणि २६ जानेवारी १९५० ला आपली झाली. पुढं तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, चांगलं झालं. पण नाव बदलण्यापेक्षा मालक बदलला ही मोठी गोष्ट.

महाडला सनातन्यांचं म्हणणं काय होतं आठवतं? तळं सार्वजनिक नाहीच, पिढ्यान्‌पिढ्या आमचंच आहे. त्यावर दहा वर्षं कोर्टबाजी झाली. १९३७ साली हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. सार्वजनिक जागा हिसकावण्याची पहिली पायरी नेहमी हीच असते. आधी म्हणायचं, ही सार्वजनिक नाही. मग म्हणायचं, ही सांभाळायला खर्च येतो. मग दाराला कुलूप.

हे कुलूप राणीच्या स्वतःच्या गावातही फोडावं लागलं. इंग्लंडात गिरणगावांतून बागा काढल्या, बर्कनहेडची १८४७ ला उघडली, त्या काय कामगारांच्या प्रेमापोटी? गुत्त्यात आणि सभांत जाण्यापेक्षा कामगार बायकापोरं घेऊन बागेत फिरलेला बरा, हाही हिशेब होता त्यात. पण बाग एकदा दिली की माणूस तिथं काय करेल ते मालकाच्या हातात राहत नाही. जुलै १८६६ मध्ये मताच्या हक्कासाठी लंडनचे कामगार हाइड पार्कात सभेला निघाले. सरकारनं दारं बंद केली. लोकांनी कुंपणाचे गज उपटून काढले आणि आत गेले. आज हाइड पार्कात कुणीही खोक्यावर उभा राहून भाषण करू शकतो त्याची सुरुवात त्या उपटलेल्या गजांत आहे. व्हिक्टोरियाच्या काळातला वारसा जपायचाय ना? मग कारंजी आणि लोखंडी बाकांबरोबर हे गज पण जपा.

आता आजचं. २००७ साली मुंबई महापालिकेनं राणीची बाग सिंगापूरच्या धर्तीवर प्राणिसंग्रहालय करायचा आराखडा आणला. चारशे कोटींच्या वरचा. सुमारे ५३ एकरांची बाग, तीन हजारांहून जास्त झाडं, २८६ जाती. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, ब्रह्मदेशाची उर्वशी, खोडाला तोफगोळ्यासारखी फळं धरणारा कैलासपती. ह्या सगळ्यात बुलडोझर शिरला असता. तेव्हा काही माणसं, त्यात बायका जास्त, उभी राहिली. एकेक झाड चालत फिरून मोजलं, नोंदवलं, कागद मागवले, वारसा समितीपुढं मांडले. आराखडा अडला, बदलावा लागला. ह्या बायांना आपण नाक मुरडतो, पांढरपेशा म्हणून, इंग्रजी बोलतात म्हणून. मी नाही मुरडणार. झाड मोजायला उन्हात हिंडावं लागतं. त्यांनी झाडं वाचवली. जय भीम त्यांना.

पण झाडं वाचली आणि दार गेलं. २०१६ मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आणले, २०१७ मध्ये लोकांना दाखवले आणि त्याच वर्षी बागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये केलं. दहापट. चौघांच्या कुटुंबाला शंभर. पेंग्विन ज्याला बघायचाय त्यानं पन्नास काय, पाचशे भरावेत. पण ज्याला फक्त सावलीत बसायचंय त्याच्याकडून पेंग्विनचा बर्फ का वसूल करता? रातपाळीचा वॉचमन, नाक्यावरचा कामगार, परीक्षेला बसलेली चाळीतली पोरगी, ह्यांनी रोज पन्नास रुपये देऊन सावली विकत घ्यायची? चुलत्याला आज ती बाग परवडली नसती. कुठलीही जात न विचारता त्याला बाहेर ठेवलं असतं. नवी अस्पृश्यता अशी असते, ती तिकीटखिडकीवर बसते, हसून बोलते आणि सुट्टे पैसे मागते.

आणि दुसरा डाव 'दत्तक' नावाचा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेनं मैदानं-बागा खाजगी संस्थांना सांभाळायला द्यायचं धोरण मंजूर केलं. लोकांनी बोंब मारली, मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली, आधी दिलेल्या दोनशेच्या वर जागा परत घ्यायची वेळ आली. कारण सांभाळायला म्हणून घेतलेल्या काही जागांवर पुढाऱ्यांचे क्लब उभे राहिले होते. पोर दत्तक दिलं आणि बापालाच घरात यायची बंदी, असला प्रकार.

म्हणून 'लोकांची साथ', 'लोकसहभाग' हे शब्द आले की मी खिसा चाचपतो. हे लोक कोण? वर्गणी भरणारे, लेटरहेडवर नाव असणारे, सकाळी फिरायला येऊन भिकारी झोपलाय म्हणून तक्रार करणारे, एवढेच लोक का? लोकांना विचारणं म्हणजे काय ते पेणकरांनी सगळ्या महाराष्ट्राला शिकवलंय. २१ सप्टेंबर २००८. हेटवण्याच्या लाभक्षेत्रातली २२ गावं. सेझला जमीन द्यायची की नाही, ह्यावर सरकारला गावात येऊन कौल घ्यावा लागला. अंगठा लावणारी म्हातारीसुद्धा रांगेत उभी राहिली. त्याला म्हणतात लोकसहभाग. बागेबाबत असं कधी विचारलंय कुणी? भायखळ्याच्या चाळीत, माझगावच्या झोपडीत कुणी जाऊन विचारलंय की तुम्हाला बाग कशी पाहिजे, तिकीट पाहिजे का, पेंग्विन पाहिजे का?

आणि ज्ञानाचं बोलायचं तर तेही बोलू. रोह्याचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ते केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवून आले होते. मोठी गोष्ट आहे, नाकारत नाही. पण त्याच रोह्याच्या, पेणच्या बाजारात रानभाज्यांचे वाटे लावून बसणारी कातकरीण कुठला पाला कधी खायचा, कुठला विषारी, कुठली साल कशावर, हे सांगते. तिला कुणी पारितोषिक दिलं नाही. तिला जंगलातून हाकललं आणि बागेत तिकीट लावलं. जुन्या बागा वाचवायच्या तर झाडांच्या पाट्यांवर लॅटिन नावाखाली तिच्या तोंडचं नाव लिहा, आणि झाडं ओळखून सांगायच्या कामावर तिच्या पोरींना घ्या. पगारावर. सत्कारावर नाही.

तर मित्रांनो, आपण ह्या कामात उतरायचं. पण बागेतल्या सावलीसारखं गप्प नाही. आपल्या अटींवर.

बागेचं दार फुकट. प्राणी, पेंग्विन बघायचं तिकीट वेगळं ठेवा, सावलीला तिकीट नाही. बागेत झोपलेल्या, वाचत बसलेल्या, नुसत्या बसलेल्या माणसाला शिट्टी मारून उठवायचं नाही. प्यायचं पाणी, बायकांसाठी स्वच्छ मुतारी, संध्याकाळी वाचता येईल असा दिवा, हे कारंज्याच्या आधी. माळी, झाडूवाले कंत्राटी नकोत, कायम करा. दीडशे वर्षं ही झाडं त्यांच्या हातांनी जगलीत. बागेची जी काही समिती असेल तिच्यात माळी, आसपासच्या चाळी-झोपड्यांतली माणसं आणि शाळेतली पोरं असलीच पाहिजेत, मतासकट. आणि कुठलीही बाग कुणालाही दत्तक नाही. तिला बाप आहे. तिचा बाप जनता.

झाडं वाचवणाऱ्या त्या बायांना आपण हे सांगायला जाऊ. त्यांना झाडांची माहिती आहे, आपल्याला दाराची आहे. दोन्ही एकत्र आले तरच बाग वाचेल. नुसती झाडं वाचली तर ती श्रीमंतांची वाडी होईल. नुसतं दार उघडं राहिलं आणि झाडं गेली तर उन्हात बसायला कोण येणार?

आता परत त्या पेणच्या पोराकडे. तुझा हंडा आणि माझी बाग ह्यांचं भांडण लावून द्यायला वरचे टपलेलेच आहेत. टँकर आला की म्हणतात, तुम्हाला पाणी देतोय ना, बाग कशाला हवी? बाग मागितली की म्हणतात, लोक तहानलेत आणि ह्यांना फुलं सुचतात. हे ऐकून घेऊ नकोस. हेटवण्याचं पाणी, चवदार तळं आणि राणीची बाग हा एकच खटला आहे. सार्वजनिक म्हणून जे आहे ते कुणाचं, आणि तिथं शिरताना कुणाला हात पसरावा लागतो, एवढाच त्यातला मुद्दा. आणि राणी आपली कुणी लागत नाही हे तर ठरलंच. म्हणून तर तिच्या नावावर ती बाग सोडून द्यायची नाही.

आपल्या पेण-रोह्यात राणीची बाग नाही. धाटावच्या कारखान्यांत पाळी करून आलेला पोरगा, गणपतीच्या कारखान्यात दिवसभर उकिडवं बसून रंग लावणारी पोरगी, स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन एका खोलीच्या घरात कोपरा शोधणारे आपले भाऊबंद, हे सगळे बसायला कुठं जातात? हे मला माहीत करून घ्यायचंय. म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या गावातली, वॉर्डातली सार्वजनिक बाग, मैदान, तळ्याचा काठ, जे असेल ते बघून लिहून आणायचं. दार किती वाजता उघडतं. कुलूप कुणाच्या हातात आहे. बाक किती, मोडके किती. नळ चालू की बंद. दिवा लागतो का. माळ्याला महिन्याला काय मिळतं आणि ते कोण देतं. आपल्या वस्तीतली माणसं तिथं बसतात का, बसत नसतील तर का नाही.

त्या पोराला निरोप धाडलाय. म्हटलं, तू येताना टँकरचा हिशेबही घेऊन ये. दोन्ही कागद एकत्र शिवून मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवू.

जय भीम.